तेरा ते तीसचे पाढे : आधी बांधा, मग पाठ करा

"सतराचा येतो हो त्याला. म्हणून दाखव रे सरांना." मुलगा हात मागे बांधतो आणि सतरा एके सतरापासून सतरा दाहे एकशे सत्तरपर्यंत एका दमात जातो. आई खूश. मग मी विचारतो, सतरा आठे? ओठ हलू लागतात, पाठीमागच्या हाताची बोटं उघडायला लागतात. कान देऊन ऐकलं तर स्वारी परत सतरा एकेला जाऊन तिथून चढत येत असते. पंच्याऐंशीपर्यंत ठीक जातं, एकशे दोनला थबकते आणि शेवटी एकशे चौतीस असं काहीतरी ठोकून दिलं जातं.

देवगड-मालवण पट्ट्यात शिकवणीला येणाऱ्या पाचवी-सहावीच्या बहुतेक मुलांची हीच गत आहे. पाढ्याची ओळ पाठ असते, पण त्यातलं एखादं घर सुटं काढून हातात देता येत नाही. आणि कामाला लागतं ते सुटं घरच. भागाकारात, अपूर्णांकाला संक्षिप्त रूप देताना, लसावि-मसावित कोणी पाढा पहिल्यापासून विचारत नाही. सांगेलीच्या नवोदय विद्यालयासाठी जी प्रवेशपरीक्षा असते तिच्यात अंकगणिताचे २० प्रश्न आणि त्यांना साधारण ३० मिनिटं. प्रश्नामागे दीड मिनिट. त्यात दोनदा सतरा एकेपासून निघालं की तो प्रश्न गेलाच.

घोळ होतो तो क्रमात. आपण पहिल्याच दिवशी म्हणायला लावतो, दुसऱ्या दिवशी दहा वेळा लिहायला लावतो आणि तिसऱ्या दिवशी पुढच्या पाढ्याला हात घालतो. खाली दिलेला क्रम वेगळा आहे. वेळ सुरुवातीला जास्त लागतो. मोठ्या पाढ्यांना तो द्यावाच लागतो.

१. सुरुवातीआधी पाया तपासा

तेराच्या आधी तीन गोष्टी पक्क्या हव्यात. यातली एकही कच्ची असेल तर पुढचं सगळं वाळूत जातं.

पहिली, २ ते १० चे पाढे, तेही मधूनच विचारलेले. सात आठे, सहा नव्वे, आठ चोक, नऊ साते, सहा साते असे वीस प्रश्न उलटसुलट विचारा. मनातल्या मनात तीन आकडे मोजेपर्यंत उत्तर आलं तर आलं, नाहीतर आलं नाही असं धरा. वीसात तीनपेक्षा जास्त अडले तर तेराचा विषय बंद. आधी दोन आठवडे छोटेच पाढे घ्या. मुलगा सहावीत असला तरी. "एवढा मोठा झाला आणि सातचा पाढा?" हे मात्र त्याच्यासमोर बोलू नका.

दुसरी गोष्ट आकड्यांची नावं, आणि हिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. पाढ्यातल्या म्हणून धरलेल्या चुकांपैकी बऱ्याचशा खरं तर इथल्या असतात. मुलगी तोंडाने अगदी बरोबर म्हणते, तेरा सक अठ्ठ्याहत्तर. वहीत लिहिते ६८. तिला पाढा येतोय, अठ्ठ्याहत्तर लिहिता येत नाहीये. तुम्ही मात्र पाढा परत दहा वेळा लिहायला लावता.

म्हणून एक श्रुतलेखन घ्या. तुम्ही बोला, मुलाने आकडा लिहायचा: एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद, नव्याण्णव, अडुसष्ट, अठ्ठ्याहत्तर, त्रेसष्ट, त्र्याऐंशी, सदुसष्ट, सत्त्याऐंशी, शहात्तर, शहाण्णव. मग उलटं: तुम्ही आकडा दाखवा, मुलाने नाव सांगायचं. एकोणवाल्या आकड्यांची खूण एकच, पुढे ज्या दशकाचं नाव येतं त्याच्या एक पाऊल अलीकडे. एकोणऐंशी म्हणजे ऐंशीच्या अलीकडचा, ७९. नव्याण्णव तेवढा या रांगेत बसत नाही. इंग्रजी माध्यमातली मुलं इथे हमखास घसरतात आणि आजी-आजोबांना वाटतं, पोर गणितात कच्चं आहे.

तिसरी, मनातली बेरीज आणि अर्धं करणं. ६८ ची दुप्पट, ८५ अधिक ३४, १७० वजा १७, आणि १७०, २३०, २९० यांचं अर्धं. १७० चं अर्धं विचारलं की ८० किंवा ७५ ही उत्तरं सर्रास येतात. १६० चं अर्धं ८०, उरलेल्या १० चं अर्धं ५, मिळून ८५ असं फोडून दाखवा. हे जमलं की पाचचं घर कायमचं खिशात.

तपासा: या तीनही गोष्टी कागदाशिवाय जमतात का? जमत असतील तरच पुढे चला.

२. साहित्य, वेळ आणि भाषा

साहित्य फुकटात जमतं. जुन्या लग्नपत्रिकांचे जाड कोरे भाग पत्त्यांच्या आकाराचे कापून ठेवा. शिमग्यानंतर लग्नसराई आली की घरोघरी गठ्ठे साचतात, ते टाकू नका. एक चौकटीची वही, एक पाटी. बस. भिंतीवर लावायचा रंगीत तक्ता घेतलात तर घ्या, पण आठवड्याभरात तो भिंतीचाच भाग होतो, कोणी बघत नाही.

वेळ दोन तुकड्यांत ठेवा. सकाळी शाळेआधी दहा मिनिटं नवं काम, संध्याकाळी दहा मिनिटं जुनं. रविवारी एकदम दोन तास बसवण्यात काही अर्थ नाही. शेवटच्या अर्ध्या तासात मुलगा तोंडाने पाढे म्हणतो आणि डोळ्यांनी खळ्यातलं मांजर बघतो.

आता भाषा. मुलगा शाळेत "सेवन्टीन सेवन्स" म्हणतो, घरी आजी "सतरा साते" म्हणवून घेते आणि शिकवणीला तिसराच काहीतरी प्रकार असतो. म्हणण्यासाठी एकच भाषा निवडा आणि घरातल्या सगळ्यांना ती सांगून ठेवा. माझं मत विचाराल तर मराठी. "तेरा त्रिक एकोणचाळीस" तीन शब्दांत संपतं आणि त्रिक, चोक, सक या शब्दांना मुळातच ठेका आहे. पण शाळेत रोज इंग्रजीतूनच म्हणून घेत असतील तर तेच चालवा. भाषा कुठली यापेक्षा ती रोज बदलू नये हे महत्त्वाचं.

शंभराच्या पुढची नावंही आधीच ठरवा. जुन्या वळणाची आजी एकोणीस आठे बावन्नासे म्हणेल, पुस्तकात एकशे बावन्न आहे. मुलाने एकशे बावन्न म्हणावं. बावन्नासे ऐकून ५२ लिहिणारी मुलं मी पाहिली आहेत. आजीला वाईट वाटू नये म्हणून तिला चाचणी घेणाऱ्याचं काम द्या. त्या कामात तिला तोड नसते.

३. कुठला पाढा कधी घ्यायचा

तेरा, चौदा, पंधरा असं ओळीने जाऊ नका. तेरा आणि सतरा हे या अख्ख्या कळपातले सगळ्यात हट्टी पाढे आहेत आणि ओळीने गेलं की मुलाची पहिलीच गाठ तेराशी पडते. तिथेच "मोठे पाढे कठीण" हे डोक्यात बसतं.

आधी जरा हिशेब करू. तेरा ते तीस म्हणजे १८ पाढे, १८० घरं. त्यातली एके आणि दाहेची ३६ घरं पाठ करायची नसतातच, उरली १४४. दुणे म्हणजे दुप्पट, पाचे म्हणजे दाहेचं अर्धं, अशी आणखी ३६ गेली, उरली १०८. पंधरा, वीस, पंचवीस, तीस हे पाढे मुलांना पैशांमुळे निम्मे येतातच, त्यांची २४ वजा केली की राहिली ८४. हा आकडा मुलाला सांगा. १८० च्या जागी ८४ ऐकलं की चेहरा बदलतो.

क्रम असा ठेवा:

पहिला गट: १५, २०, २५, ३०. हे खांब आहेत, बाकीचे यांच्या आधाराने उभे राहतात.

दुसरा गट: १९, २१, २९. विसाच्या आणि तिसाच्या लगतचे शेजारी. एकोणीस म्हणजे विसाचा पाढा, त्यातून तेवढे एक वजा. २० × ६ = १२०, त्यातून ६ गेले, ११४.

तिसरा गट: १४, १६, १८, २२. सात, आठ, नऊ आणि अकराच्या पाढ्यांची दुप्पट.

चौथा गट: २४, २६, २७, २८. चोवीस आणि सव्वीस पंचविसाच्या दोन बाजूंना, सत्तावीस आणि अठ्ठावीस तिसाच्या अलीकडे.

शेवटचा गट: १३, १७, २३.

शाळेत तेराचा आधी विचारला तर तेवढा पुढे ओढा, बाकी क्रम तसाच ठेवा. एका पाढ्याला तीन दिवस धरले तर १८ पाढ्यांना ५४ दिवस होतात. जूनमध्ये शाळा उघडल्यावर सुरू केलं की मधले ताप-सर्दीचे आणि पुरामुळे शाळा सोडल्याचे दिवस धरूनही गणपतीच्या सुट्टीपर्यंत पहिली फेरी पुरी होते. मे महिन्यात सुरू करू नका. घरात आंब्याची घाई असते, मुंबईची भावंडं आलेली असतात. कोणी बसत नाही आणि उगाच कटकट होते.

सावधान: शेजाऱ्यांच्या गटात एक चूक ठरलेली आहे. २९ × ७ साठी मुलगा २१० पर्यंत बरोबर येतो आणि त्यातून फक्त १ काढून २०९ सांगतो. सात वेळा एक-एक जास्त घेतलाय, म्हणून ७ काढायचे, उत्तर २०३. अठ्ठावीसला हीच चूक २ ची होते: २८ × ६ म्हणजे १८० वजा १२, १६८. वजा २ केलं की १७८ येतं. हे समजेपर्यंत पुढचा पाढा घेऊ नका.

४. एक पाढा बांधायचा कसा

सतराचा घेऊ, कारण सतराचा बांधता आला की कुठलाही येतो.

वहीत दहा घरांची आडवी पट्टी आखा, वर १ ते १० लिहा. खालची घरं रिकामी. आता डावीकडून उजवीकडे भरत जायचं नाही. हाच सगळ्यात मोठा फरक आहे.

पहिल्यांदा दोन टोकं: एके १७, दाहे १७०.

मग दुणे ३४ आणि मधलं घर, पाचे. १७० चं अर्धं, ८५. आता पट्टीवर चार ठिकाणी जमीन लागली.

दुपटीने पुढे: दुणेची दुप्पट चोक, ६८. चोकची दुप्पट आठे, १३६. मुलाला विचारा, आठला जायला किती उड्या लागल्या? दुप्पट, परत दुप्पट, परत दुप्पट. सुरुवातीचा मुलगा आठ पायऱ्या चढत होता तिथे तीन उड्यांत काम झालं.

त्रिक म्हणजे दुणेत आणखी एक सतरा, ३४ आणि १७, ५१. त्रिकची दुप्पट सक, १०२.

नव्वे म्हणजे दाहेतून एक सतरा काढायचा, १७० वजा १७, १५३.

शेवटी राहतं साते. पाचे आणि दुणे मिळवा, ८५ आणि ३४, ११९.

पट्टी भरली. पहिल्या दिवशी एवढंच. म्हणून घेऊ नका, पाठ करायला सांगू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी कोरी पट्टी द्या आणि परत बांधायला लावा, न सांगता. तिसऱ्या दिवशी वहीशिवाय तोंडी: "साते कशाने काढशील?" "पाचे आणि दुणे." उत्तर विचारायच्या आधी रस्ता विचारा.

पट्टीवर एक दुसरी वाटही दाखवून ठेवा, अडल्यावर उपयोगी पडणारी. सतराचे दहा आणि सात करायचे: १७ × ७ म्हणजे ७० आणि ४९, ११९. तेवीसला वीस आणि तीन: २३ × ७ म्हणजे १४० आणि २१, १६१. सव्वीसला पंचवीस आणि एक: २६ × ८ म्हणजे २०० आणि ८, २०८. सव्वीस रुपयांनी आठ नारळ घेतले तर दुकानदार कागद काढत नाही, तो हेच करतो. मात्र बांधणीच्या पहिल्या दिवशी दोन्ही वाटा एकदम दाखवल्या तर गोंधळ उडतो. आधी पट्टी, फोड तिसऱ्या दिवशी.

सावधान: "दहा वेळा लिही" ही शिक्षा द्याल तर मुलगा काय करतो ते एकदा मागे उभं राहून बघा. आधी वरून खाली दहा वेळा १७ लिहितो. मग दहा वेळा फुलीचं चिन्ह. मग १ ते १०. मग बरोबरची दहा चिन्हं. शेवटच्या रकान्यात आधी फक्त एककाचे अंक खाली उतरवतो, ७, ४, १, ८, ५, कारण ते त्याला दिसून-दिसून माहीत असतात, आणि नंतर त्यांच्या डावीकडे दशक चिकटवतो. पान सुंदर दिसतं. पण सतरा साते एकशे एकोणीस हे त्याने एकदाही मनात म्हटलेलं नसतं.

५. ताळा करा

पाढा पाठ व्हायच्या आधी तो बरोबर आहे याची खात्री हवी, कारण चुकीचा पाठ झालेला पाढा काढून टाकायला दुप्पट मेहनत पडते. पुस्तक उघडून ताडून बघण्यापेक्षा मुलाला स्वतःला ताळा करता यावा.

मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो जोडीचा ताळा. पट्टीची दोन टोकांकडून घरं जोडत या: एके आणि नव्वे, दुणे आणि आठे, त्रिक आणि साते, चोक आणि सक. प्रत्येक जोडीची बेरीज दाहेच्या घराएवढी आली पाहिजे. सतरासाठी १७ + १५३, ३४ + १३६, ५१ + ११९, ६८ + १०२, सगळ्यांची १७०. मधलं पाचे एकटं, त्याची दुप्पट १७०. एखादी जोडी जुळली नाही तर चूक त्या दोन घरांतच आहे, बाकीची आठ तपासायला नकोत.

दुसरा ताळा एककाचा. एकोणीस आणि एकोणतीसच्या पाढ्यात एकक ९, ८, ७ असा ० पर्यंत उतरतो. दशकाकडे बघा: एकोणीसला १, ३, ५, ७, ९, ११ असे दोन-दोनने चढतात, एकोणतीसला २, ५, ८, ११, १४ असे तीन-तीनने. तेरा आणि तेवीसचे एकक सारखे: ३, ६, ९, २, ५, ८, १, ४, ७, ०. सतरा आणि सत्तावीसला हेच अंक उलट फिरतात, फक्त शून्य दोन्हीकडे शेवटी. अठरा आणि सत्तावीसला आणखी एक सोय आहे, उत्तरातल्या अंकांची बेरीज ९ किंवा १८ यायलाच हवी. २७ × ७ = १८९, बेरीज १८, ठीक. कोणी १८८ म्हटलं तर तिथेच पकडता येतं.

हे एककाचे नमुने पाढा शिकवण्यासाठी वापरू नका, तपासण्यासाठीच ठेवा. वर सांगितलेला रकाने भरणारा मुलगा याच नमुन्यांवर जगत असतो.

६. आता म्हणा

बांधणी आणि ताळा झाल्यावर, साधारण तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, पाढा तोंडाला येऊ द्या. तिन्हीसांजेला दिवा लावल्यावर परवचा म्हणायची रीत अजून चालू असलेल्या घरांना हे सांगायला नको. रीत मोडली असेल तर परत धरायला हरकत नाही, आणि श्रावणात वारंवार लाईट जाते तेव्हा पडवीत बसून करण्यासारखं दुसरं काही नसतंही.

म्हणताना क्रम: एकदा एकेपासून दाहेपर्यंत, एकदा दाहेपासून एकेपर्यंत उलट, आणि एकदा एकाआड एक: दुणे, चोक, सक, आठे, दाहे. उलट म्हणायला लावलं की कोण नुसता ठेक्यावर चालला आहे ते लगेच कळतं. मोबाईलवरच्या पाढ्यांच्या गाण्यांबद्दल पालक विचारतात. छोट्या पाढ्यांना चालतील. सतराच्या गाण्यात मुलाला चाल पाठ होते. सतरा आठे विचारल्यावर तो चाल सुरू करतो आणि तिच्यासोबत आठपर्यंत जातो. म्हणजे परत तेच.

तपासा: उलट म्हणताना ज्या घराला थांबा लागला, ते घर लिहून ठेवा. उद्याचे पत्ते त्याचेच.

७. मोडून विचारा

लग्नपत्रिकेच्या पत्त्याच्या एका बाजूला १७ × ८, दुसऱ्या बाजूला १३६. प्रत्येक पाढ्याचे सहाच पत्ते पुरतात: त्रिक, चोक, सक, साते, आठे, नव्वे. तीन पाढे झाले की १८ पत्ते पिसून घ्या आणि एकेक दाखवा. तीन ढीग करा. लगेच आलं तो एक, थांबून पण बरोबर आलं तो दुसरा, चुकलं तो तिसरा.

थांबून आलेल्या पत्त्याला विचारा, कशाने काढलंस? "चोकची दुप्पट" असं उत्तर आलं तर तो पत्ता चांगल्या वाटेवर आहे, चार-पाच दिवसांत आपोआप पहिल्या ढिगात जाईल. बोटं मोजून काढलं असेल तर तो तिसऱ्या ढिगात. तिसऱ्या ढिगातल्या पत्त्याला उत्तर सांगू नका, पट्टीवर परत बांधून घ्या.

काही घरं सगळ्यांनाच त्रास देतात. १७ × ३ = ५१ आणि १३ × ७ = ९१, कारण हे आकडे छोट्या पाढ्यांच्या उत्तरांत कधी भेटलेले नसतात. १८ × ७ = १२६, १६ × ८ = १२८ आणि १७ × ८ = १३६ एकमेकांत मिसळतात. १९ × ८ = १५२ आणि १७ × ९ = १५३ तर सख्खे शेजारी. अशा गोंधळाच्या जोड्या एकाच दिवशी लागोपाठ विचारा, वेगवेगळ्या दिवशी नको. समोरासमोर ठेवल्यावरच फरक डोक्यात बसतो.

सावधान: घड्याळ लावायची घाई करू नका. पहिल्या आठवड्यात वेग मागितला की मुलगा अंदाज ठोकायला लागतो, आणि अंदाजाची सवय लागली की ती जात नाही.

८. उलटा पाढा

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात, आणि भागाकार अडतो तो इथे. पत्ता उलटा धरा, उत्तर दाखवा: ११९ कुठल्या पाढ्यात? किती पट? सुरुवातीला पाढा सांगून विचारा, "सतराच्या पाढ्यात ११९ कुठे?" नंतर नुसता आकडा.

काही आकड्यांची एकाहून जास्त उत्तरं आहेत आणि तीच मजा आहे. ११२ म्हणजे १४ × ८, १६ × ७ आणि २८ × ४. १६८ म्हणजे २१ × ८, २४ × ७ आणि २८ × ६. १६२ म्हणजे १८ × ९ आणि २७ × ६. मुलांना हे शोधायला लावलं की ती स्वतःहून वहीत यादी करायला लागतात. मसावि शिकवताना हीच यादी कामाला येते.

त्याच्या पुढची पायरी: १७ च्या पाढ्यात १३० च्या आतलं सगळ्यात मोठं कोण? ११९. मग बाकी ११. भागाकारात रोज लागणारा प्रश्न हाच. "सतराने एकशे तीसला भाग" म्हटलं की घाबरणारा मुलगा या रूपात तोच प्रश्न पटकन सोडवतो.

९. उजळणी

नवा पाढा दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने विचारा. विसरण्याच्या जरा आधी आठवायला लावलं की पक्कं होतं. रोज तोच पाढा घोटण्यापेक्षा यात वेळही कमी जातो. प्रत्येक उजळणी पत्त्यांनीच, म्हणून घेऊन नव्हे. पहिल्या ढिगात तीनदा गेलेला पत्ता महिन्याच्या डब्यात टाका. महिन्याने काढल्यावर अडला तर परत रोजच्या ढिगात.

एखादा पाढा दोन आठवडे हलत नसेल तर त्याला सोडा आणि पुढचा घ्या. बहुतेकदा तो तेवीस असतो. बाकीचे झाल्यावर परत आलात की वीस आणि तीनची फोड मुलाच्या इतकी अंगवळणी पडलेली असते की तेवीस फार त्रास देत नाही.

१०. तीसच्या पुढे

तीसच्या पुढचे पाढे पाठ करायला लावू नका. चाळीसपर्यंत पाठ असलेली मुलं असतात, त्यांचं कौतुक होतं, पण त्या वेळात दोनअंकी गुणाकार आणि भागाकार पक्के झाले असते तर जास्त बरं. तीसच्या पुढे लागते ती फक्त फोड, आणि ती आतापर्यंत हातात आलेली असते.

चार डझनांच्या पेटीत ४८ आंबे. सात पेट्यांचे किती? ५० × ७ = ३५०, प्रत्येक पेटीमागे २ जास्त धरले, म्हणून १४ वजा, ३३६. चिरा ३८ रुपयांना पडला तर सहा चिऱ्यांचे ४० × ६ वजा १२, २२८. ३६ × ८ म्हणजे अठराच्या आठेची दुप्पट, १४४ ची दुप्पट, २८८. ३७ ला एक खास खूण आहे, ३७ × ३ = १११. त्यामुळे ३७ × ६ = २२२ आणि ३७ × ९ = ३३३ तोंडावर येतात, आणि ३७ × ७ साठी २२२ मध्ये ३७ मिळवले की २५९.

असे दोन-तीन हिशेब रोज बाजारातून येता-जाता तोंडी विचारा. उत्तर चुकलं तर दुरुस्त करण्याआधी विचारा, कितीच्या जवळ धरलंस? पन्नासच्या, असं उत्तर आलं तर पद्धत बरोबर आहे, वजाबाकी तेवढी परत करून घ्या. काहीच धरलं नाही असं म्हणाला तर घरी आल्यावर चौथ्या टप्प्याची पट्टी काढा, या वेळी ४८ ची.